न आलेल्याचा वाटा

वैशाखात तलावावर जायचं तर गांडूळ घेऊन जाऊ नये. ओल्या गोणपाटात गुंडाळलं तरी दहा वाजेपर्यंत मरतं, आणि मेल्या गांडुळाला कुठलाही मासा तोंड लावत नाही. शेंगदाण्याची पेंडही नको, उन्हात दोन तासांत आंबते. पाणी तापलं की माशाची भूक जाते. तो पोटासाठी येत नाही, वासावर येतो. त्याला हरभरा डाळीची भाजलेली चुरी, मूठभर कणीक, सुपारीएवढा गूळ आणि वरून खसाच्या अत्तराचा एक थेंब. एकच. दोन पडले की मासा सावध होतो.

हे मारोती सोनकांबळेला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. चुरी, कणीक आणि गूळ त्याने शोधलेलं होतं. अत्तर त्याच्या जोडीदाराचं, मकबूलचं.

त्या दिवशी सकाळी सहाला तो लातुरातल्या डाळ मिलच्या गल्लीतून पावशेर चुरी घेऊन आला आणि तव्यावर भाजायला बसला. सून रूपाली चहा गाळत होती.

"मामा, त्रेचाळीस सांगितलंय आज. उद्या जावा की."

"उद्या चव्वेचाळीस असंल."

"अन् डबाच आणायचाय न्हं शकिलाभाभीचा? मग चुरी कशाला भाजून राहिलाव?"

"तलावावर रिकाम्या हातानं जात न्हाईत."

रूपाली त्याच्या हाताकडे बघत होती. उजव्या हाताचं पहिलं बोट तव्याच्या कडेला टेकलेलं होतं. चुरीच्या वासात दुसराच एक वास मिसळला, तेव्हा मारोतीने हात उचलला. कातडी पांढरी झाली होती. दुखलं नाही. वर्षभर त्या बोटाला काही कळत नव्हतं. डॉक्टरने सुई टोचून पाहिली होती, शीर दबली म्हणाला होता, गोळ्या दिल्या होत्या. मारोतीने त्या खाल्ल्या. बोट सुन्नच राहिलं.

डब्याचं काम असं होतं. मकबूल आणि तो एकाच डाळ मिलमध्ये कामाला होते. तिथल्या यंत्राच्या पट्ट्यात मकबूलच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं. मग त्याने नोकरी सोडली आणि अत्तर, सुरमा, अगरबत्तीचं लहानसं दुकान टाकलं. मासे धरणं मात्र दोघांनी सोडलं नाही. रेणापूरच्या पुढे सांगवडीचा तलाव आहे, तिथे दर रविवारी हातदोरी घेऊन बसायचं. मकबूलचा आमिषाचा डबा पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा. त्याच्या बायकोच्या, शकिलाच्या बापाने लग्नात दिलेला. तो कमरेला पट्ट्याने बांधल्याशिवाय मकबूल पाण्याकडे जात नसे.

गेल्या वैशाखात मकबूल त्या तलावात बुडाला. दुसऱ्या दिवशी प्रेत मिळालं, डबा मिळाला नाही.

आता पाणी उतरलं होतं. तलावाचा राखणदार श्रीशैल याने फोन करून सांगितलं, की मकबूल ज्याच्यापाशी बुडाला ते बाभळीचं खोड उघडं पडलंय. शकिलाने मारोतीला बोलावून घेतलं.

"भाऊ, जागा तुम्हालाच माहीत हाय. माझ्या अब्बाची तेवढीच एक निशाणी हाय. आणून द्या."

"गाळात असंल भाभी. कुठं घावतंय."

"बघून तर या." मग थोडं थांबून ती म्हणाली होती, "तुम्ही तवा लिंबाखाली चहा करून राहिले होते. न्हाईतर तुम्ही सोडलं नसतं त्यांना. मला माहीत हाय."



पोलिसांच्या पंचनाम्यात तेच लिहिलं होतं. मारोती लिंबाखाली होता, चहा करत होता. मकबूल अडकलेला गळ सोडवायला एकटा पाण्यात गेला. त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. डबा सापडला तर त्याच्यासोबत आणखी काय सापडेल, हे मारोतीला एकट्यालाच माहीत होतं. म्हणून दुसऱ्या कुणी जाण्यापेक्षा त्यानेच जायचं ठरवलं.

एसटीने रेणापूर, तिथून टमटम, पुढे दोन किलोमीटर पायी. पोहोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

तलाव ओळखू येत नव्हता. बांधापासून चारशे पावलं नुसता गाळ, तडकून त्याच्या फरशा झालेल्या. मेलेल्या शिंपल्यांचा आणि शेवाळाचा वास हवेत जाड बसला होता. त्याच्या पलीकडे, जुन्या ओढ्याच्या जागी, तेवढं हिरवट पाणी. वैशाखात मासा तिथेच जाऊन बसतो, कारण तळाला थोडा थंडावा असतो. त्या पाण्याच्या मधोमध बाभळीचं काळं खोड उभं होतं.

श्रीशैल झोपडीच्या सावलीत अंगावर ओला पंचा टाकून बसला होता.

"या काका. दोरी आणली व्हय? काय उपयोग न्हाई. महिना झाला, एक मासा लागला न्हाई कुणाला."

"काय लावतेत?"

"सगळं. गांडूळ, मैदा, कोंबडीची आतडी. परवा एका बहाद्दरानं गुलाबजाम लावून बघितलं."

"मग?"

"मग मीच खाल्लं उरलेलं." श्रीशैल हसला. मारोती हसला नाही. श्रीशैलने हसू आवरलं. "पाणी मेलंय काका. वारा पडला की बुडबुडासुदिक येत न्हाई. डबा बघा अन् निघा. बाराच्या आत निघा."

"बाराला काय व्हतं?"

"ऊन व्हतं," श्रीशैल म्हणाला आणि पंचा तोंडावर ओढून आडवा झाला.

मारोती गाळावरून चालत पाण्याच्या कडेला गेला. डोक्याला रुमाल बांधून दगडावर बसला. पाय पाण्यात सोडले. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कढत होतं.

तो भूतखेत मानणारा माणूस नव्हता. विहारात जाणारा, बुद्धवंदना पाठ असणारा. देवऋषी, अंगारा, उतारा यातलं काही त्याने घराच्या उंबऱ्यात येऊ दिलं नव्हतं. थोरल्या मुलाला ताप आला तेव्हा शेजारणीने लिंबू ओवाळलं, तर त्याने ते लिंबू चिरून तिच्यासमोर सरबत केलं होतं.

एकच गोष्ट तो करायचा, आणि तीही थट्टेत सुरू झाली होती. मिलच्या दिवसांत एकदा मकबूलला हिवताप होता. मारोती एकटाच तलावावर आला. आमिष मळलं, पहिला गोळा मकबूलच्या नावाने पाण्यात टाकला आणि म्हणाला, "मकबूल, हा तुझा वाटा." त्या दिवशी सहा किलोचा कटला लागला. तेव्हापासून रिवाज पडला. दोघांपैकी जो आला नाही, त्याचा पहिला गोळा. न आलेल्याचा वाटा. मारोतीच्या घरी लग्न असलं तर मकबूल टाकायचा, मकबूलचे रोजे असले तर मारोती. हाताला इतकी सवय झाली होती, की गोळा टाकल्याशिवाय दोरी सुटायची नाही.

मकबूलने त्यात एक कायदा घातला होता. "जित्या माणसाचंच नाव घ्यायचं मारोती. मेलेल्याला पाण्यावर बोलवायचं न्हाई. येतो."

"तू बोलवून बघ मला," मारोती म्हणाला होता.

"तू तर आधीच सावकारासारखा दारात बसशील," मकबूल म्हणाला होता, आणि दोघं हसले होते.

मारोतीने पिशवीतून चुरी काढली, कणीक घातली, गूळ कुस्करला आणि तलावाचंच पाणी शिंपडून मळायला घेतलं. अत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते कायम मकबूलच आणायचा.

मळता मळता त्याची नजर खोडावर होती.

गेल्या वैशाखात मारोतीची दोरी त्याच खोडात अडकली होती. मकबूल म्हणाला, "कापून टाक." मारोती म्हणाला, "कापायची न्हाई." गळ त्याने स्वतः घासून केलेला होता, शिसं स्वतः ओतलेलं होतं. मारोती सोनकांबळे दोरी कापत नाही, हे त्या तलावावर सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला त्याचा मान होता. मारोतीला पोहता येत नव्हतं. मकबूलला येत होतं. तो हसत उठला, "तुझ्या गळापायी मला न्हावं लागतंय," म्हणाला आणि दोरी धरून धरून खोडाकडे गेला. दोरीचं एक टोक मकबूलच्या हाती, दुसरं मारोतीच्या पहिल्या बोटावर.

मग दोन झटके आले. थांबून आणखी दोन. चाळीस वर्षांची त्यांची खूण होती ती. दोन झटके म्हणजे ओढ.

मारोतीने ओढलं. पलीकडून त्याहून जोरात ओढ आली. बोटात दोरी रुतली, रक्त आलं. पाय घसरून तो गुडघाभर पाण्यात गेला, मग मांडीभर. पुन्हा दोन झटके. थांबून दोन. मारोतीने खिशातला चाकू काढला आणि दोरी कापली.

त्यानंतर लिंबाखाली जाऊन त्याने चूल पेटवली. चहा टाकला. तो उतू जाईपर्यंत बसून राहिला. मग ओरडत श्रीशैलकडे पळाला.

त्याला त्यावर रडू आलं नव्हतं. आजही येत नव्हतं. बोटासारखंच आतही कुठेतरी काही कळायचं थांबलं होतं.

आमिष मळून झालं. मारोतीने पहिला गोळा केला, हात मागे नेला आणि फेकला.

"मकबूल, हा तुझा वाटा."

गोळा पाण्यात पडल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तोंडाने बोललं होतं, हाताने टाकलं होतं. वर्तुळं खोडापर्यंत गेली आणि विरली.

"सवय हाय," तो स्वतःलाच म्हणाला. "सवय... दुसरं काय."

वारा पडला. बांधावरच्या बाभळीवर होले घुमत होते, ते थांबले. मारोतीने गळाला आमिष लावलं, दोरी खोडाच्या बाजूला टाकली आणि जुन्या सवयीने सुन्न बोटावर घेतली. त्या बोटाला मासा लागलेला कळणार नव्हता, म्हणून तो दोरीकडे टक लावून बसला. दोरी हलत नव्हती.

आणि मग कुजक्या शिंपल्यांच्या वासातून, गाळाच्या वासातून, हलकेच खसाचा वास आला. थंड. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना येतो तसा ओला वास. एका थेंबाचा.

दोरी हलली नाही. पण बोटाला कळलं.

दोन झटके. थांबून आणखी दोन.

वर्षभर सुईसुद्धा न कळलेल्या बोटाला ते इतकं स्पष्ट कळलं, की मारोतीच्या तोंडून हुंकार निघाला. त्याने डोळ्यांनी दोरी पाहिली. ती पाण्यावर सैल पडली होती. बोटावर मात्र ताण होता.

"कोण... हाय?"

मारोतीने डावा हात खिशात घातला. चाकू होता. त्याने तो उघडला नाही. तो उठला आणि दोरी गुंडाळत पाण्यात उतरला.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. पुढे वाढलं नाही. खाली गाळ मऊ होता आणि प्रत्येक पावलाला थोडा वेळ धरून ठेवत होता. माणूस दोरीच्या दिशेने गेला की दोरी ढिली पडते. बोटावरचा ताण मात्र ढिला झाला नाही. जितका तो जवळ जाई, तितकी पलीकडून कुणीतरी आवरून घेत होतं.

खोडाशी पोहोचल्यावर त्याने वाकून मुळांत हात घातला. बोटं पितळेला लागली. ओढल्याबरोबर डबा सुटून हातात आला. त्याचा आजचा गळ डब्याच्या पट्ट्यात नीट अडकलेला होता. आणि डब्याला आठ-दहा वेढे घालून हिरवी दोरी गुंडाळलेली होती. त्या तलावावर हिरवी दोरी एकटा मारोती वापरायचा. मकबूलची पांढरी असायची.

दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं. तिरपं, स्वच्छ कापलेलं.

याच्यासाठीच तो आला होता. चाकू काढायचा, वेढे कापायचे, दोरी गाळात दाबायची आणि डबा तेवढा न्यायचा. त्याने चाकू उघडला. पातं दोरीला लावलं.

बोटाला दोन झटके बसले. आता हळू. झोपलेल्याला हलवून उठवावं तसे.

मारोतीने पातं थांबवलं. एकदा कापली होती. दुसऱ्यांदा हात धजला नाही. त्याने चाकू मिटला, डबा दोरीसकट पिशवीत टाकला आणि मागे वळला. परतताना गाळाने एकदाही पाय धरला नाही.

झोपडीपाशी श्रीशैल उठून बसला होता.

"घावला?"

"घावला."

श्रीशैलने नाक वर करून हुंगलं. "अत्तर लावलंय व्हय काका?"

"हाव," मारोती म्हणाला.

शकिला घराच्या ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. चार वाजले होते. तिने हात पुसले, पिशवीतून डबा काढला आणि मांडीवर घेतला. आधी पितळेवरून हात फिरवला. मग हिरवी दोरी पाहिली. चाळीस वर्षं तिने नवऱ्याच्या दोऱ्या गुंडाळल्या होत्या, गाठी सोडवल्या होत्या. तिने टोक शोधलं आणि अंगठ्यावर घेतलं.

"ही तुमची दोरी."

"हाव."

"अडकून तुटली म्हणून बोलले होते तुम्ही."

"हाव."

"तुटलेली दोरी आधी ताणून बारीक होती भाऊ. टोक वळतं तिचं. ही तशी न्हाई."

रस्त्यावरून भंगारवाल्याचा गाडा भोंगा लावून गेला.

"मी कापली," मारोती म्हणाला.

"कधी?"

"तो धरून होता तवा."

शकिलाने मान हलवली, जशी कुणी भाजीचा भाव सांगितल्यावर हलवतात. "लिंबाखाली नव्हते तुम्ही."

"न्हाई."

"ते ओढून राहिले होते?"

"दोन दोन झटके."

"म्हणजे ओढ."

"हाव."

"तुम्हाला... कळलं होतं?"

मारोतीला वाटलं होतं की हे कुणी विचारलं तर आपण सांगू, घाबरलो, पाय घसरला, काही सुचलं नाही. ते सगळं खरंही होतं. पण तिने जे विचारलं त्याचं उत्तर एवढंच होतं.

"हाव. कळलं होतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने दोरीचे वेढे एकेक करून सोडले, दोरीची नीट लडी केली आणि बाजूला ठेवली. मग झाकण फिरवलं. वर्षभर पाण्यात राहिलेलं झाकण कालच लावल्यासारखं उघडलं. ओट्यावर खसाचा वास पसरला.

डब्यात पाणी नव्हतं, गाळ नव्हता. दोन गोळे होते. चुरीचे, ओलसर, आत्ताच मळलेले. एक मोठा. त्यावर दाबल्याच्या खुणा, अंगठा आणि तीन बोटं. पहिल्या बोटाची जागा रिकामी. दुसरा लहान, पळसाच्या हिरव्या पानावर वेगळा काढून ठेवलेला. मकबूल पहिला गोळा तसाच वेगळा काढायचा.

शकिला त्या लहान गोळ्याकडे बघत राहिली. रिवाज तिला माहीत होता. तिच्याच चुलीवर चुरी भाजली जायची.

"त्या दिवशी तर तुम्ही दोघं सोबतच गेले होते," ती हळू म्हणाली. "मग न आलेला कोण?"



तिने पानासकट गोळा उचलला, मारोतीचा उजवा हात धरून त्यावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली.

"हा तुमचा हाय भाऊ. घेऊन जावा. अन् परत या दारात येऊ नका."

मारोती उठला. पायात चपला घालून तो गल्लीतून निघाला. वाटेत उघडी गटार होती, तिथे तो थांबला, पण गोळा टाकता आला नाही.

याला आज वीस दिवस झाले. गोळा त्याच्या खिडकीत आहे. लातुरात चव्वेचाळीसचं ऊन आहे, रूपालीचे पापड तासाभरात वाळतात. गोळा वाळत नाही. मुंग्या येतात, थोड्या अंतरावर थांबतात आणि वळून जातात.

रोज बाराला मारोतीच्या बोटाला झटके बसतात. दोन. थांबून आणखी दोन. ओढ रेणापूरच्या बाजूची असते. त्याने खाट फिरवून पाहिली, पाय होते तिकडे डोकं केलं. ओढ त्याच बाजूने आली. परवापासून ती थोडी वाढली आहे. काल रूपालीने विचारलं, "मामा, बसल्या बसल्या दाराकडं सरकून राहिलाव का?"

चाकू त्याने उशाखाली ठेवला आहे. कालही झटके आले तेव्हा त्याने तो काढला, उघडला आणि बोटाच्या पुढे हवेत धरला.

कापायला दोरी दिसत नाही.